पंधरा वर्षांच्या गाडीची पीयूसी

आमच्या गाडीची नोंदणी जानेवारी २०११ची. म्हणजे या जानेवारीत आरसीची पंधरा वर्षं भरली. खासगी गाडी त्यानंतरही वापरायची असेल तर नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. फॉर्म २५ भरायचा, २०२२ पासून लागू झालेली ५००० रुपये फी, वर पर्यावरण कर, विमा चालू हवा, आणि गाडी स्वतः नाशिकच्या पेठ रोडला आरटीओत नेऊन दाखवायची. या सगळ्याच्या आधी चालू पीयूसी हवी. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणून आम्ही डिसेंबरातच तयारीला लागलो.

गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. दुखणं वयाचं आणि देखभालीचं होतं, त्यात कंपनीचा दोष नाही. छोटं पेट्रोल इंजिन, इंजेक्शनचं, बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे नव्या गाड्यांच्या धुरावर सरकारने घातलेल्या मर्यादांचा तिसरा टप्पा). पुण्या-मुंबईत एप्रिल २०१० पासून बीएस-४ गाड्या सुरू झाल्या होत्या, पण नाशिक त्या तेरा शहरांत नव्हतं. देशभर बीएस-४ झालं ते एप्रिल २०१७ला. त्यामुळे आपल्याकडच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्या बीएस-३ आहेत. याचा पीयूसीशी थेट संबंध आहे. बीएस-३ पेट्रोल गाडीला न्यूट्रलवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ७५०) चालतं. बीएस-४ला हीच मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. शिवाय बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, आमच्यासारख्यांना दर सहा महिन्यांनी जावं लागतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे पीयूसीचा कागद हातात आला की मी मुदतीची तारीख नंतर बघते, आधी आकडे वाचते.

डिसेंबरातल्या एका थंडगार सकाळी गंगापूर रोडवरच्या पीयूसी सेंटरला गेले. निफाडचा पारा किती खाली गेला याची बातमी रोज पेपरात असते ना, त्या दिवसांतली सकाळ. तिथल्या मुलाने नंबरप्लेटचा फोटो घेतला, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला आणि सायलेन्सरमध्ये नळी घातली. नीट, हातभर आत. हे मुद्दाम सांगते, कारण नळी नुसती टोकाला अडकवली की बाहेरची हवा मिसळते आणि आकडे आपोआप सुंदर दिसायला लागतात. या मुलाने तसं केलं नाही. स्क्रीनवर आकडे स्थिरावले: कार्बन मोनॉक्साइड १.८४ टक्के, हायड्रोकार्बन ४१२ पीपीएम.

"काकू, नाही होणार पास. सीओ खूप आहे. गाडी ट्युनिंग करून आणा."

त्याने नापास झाल्याची स्लिप काढून दिली. जून २०२१ पासून देशभर पीयूसीचा एकच नमुना झाला, त्यावर क्यूआर कोड आला, तेव्हापासून ही स्लिपही आली. तिच्यावर आकडे छापलेले असतात आणि ती गॅरेजमध्ये दाखवायलाच असते. मला त्या मुलाचं मनापासून कौतुक वाटलं. कारण त्याच संध्याकाळी सोसायटीत विषय निघाला तर पार्किंगमध्येच सल्ला मिळाला: "मॅडम, एवढं काय करत बसता? एक जण आहे, गाडीचा फोटो पाठवा, पीयूसी मोबाइलवर येते." सल्ला देणाऱ्याच्या मनात माझा त्रास वाचवायचाच हेतू होता, ते मला कळतं. पण मला तो कागद तसा नको होता.

का नको, तर आमच्या शाळेच्या गेटसमोर रोज दुपारी काय होतं ते मी बघते. शाळा सुटायच्या वेळी पाऊण रस्ता गाड्यांनी भरतो, इंजिनं चालू, एसी चालू. पहिली-दुसरीतली मुलं त्या गाड्यांच्या मधून वाट काढत येतात. सायलेन्सरचं तोंड जमिनीपासून फूटभर उंचीवर असतं, या मुलांचं नाक तीन फुटांवर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. जी गाडी १.८४ टक्के सोडते ती घेऊन मी त्याच गेटसमोर उभी राहते, हे एकदा कळल्यावर फोटो पाठवून पीयूसी मागवणं मला शक्यच नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०मध्ये यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं, पण मला भीती दंडाची नव्हती.

आता आकड्यांकडे येते. सेंटरवरच्या मशीनमध्ये बहुधा चार वायू दिसतात: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन. पास-नापास पहिल्या दोनांवर ठरतं, म्हणून उरलेले दोन कुणी विचारत नाही. ते जरूर विचारा. रक्ताच्या रिपोर्टमध्ये डॉक्टर एकच आकडा बघून औषध देत नाहीत, सगळे शेजारी शेजारी ठेवून वाचतात, तसंच हे आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जास्त झालं, की कार्बन अर्धवट जळतो आणि मोनॉक्साइड वाढतो. तेव्हा धुरात ऑक्सिजन जवळजवळ शिल्लक नसतो. हायड्रोकार्बन खूप आणि ऑक्सिजनही खूप असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटताच बाहेर पडतंय, गाडी मिसिंग करतेय. प्लग, कॉइल, वायर तपासा. आणि मोनॉक्साइड कमी, डायऑक्साइडही कमी, ऑक्सिजन मात्र भरपूर, असं दिसलं तर खूश होऊ नका. सायलेन्सर कुठेतरी फुटलाय किंवा नळी नीट आत गेलेली नाही. चांगल्या गरम पेट्रोल गाडीत डायऑक्साइड चौदा टक्क्यांच्या वर असतो आणि ऑक्सिजन एकाच्या खाली.

आमच्या स्लिपवर डायऑक्साइड १३.१ आणि ऑक्सिजन ०.४ होता. म्हणजे गाडी मिसिंग करत नव्हती. ती गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत होती. नवरा म्हणालाच, "म्हणून तर ॲव्हरेज अकरावर आलंय."

सातपूरला एमआयडीसीच्या अलीकडे आमचे एक मेकॅनिक आहेत. वय साठीचं. बोलणं कमी, पण कारण सांगितल्याशिवाय पाना लावत नाहीत. मी स्लिप दिली तर त्यांनी चष्मा लावून चारही आकडे वाचले. पुढचं काम नीट होणार हे मला तिथेच कळलं.

आधी प्लग काढले. चारही काळे, कोरडी काजळी, बोटाला लागणारी. तेलकट काळे असते तर इंजिनात ऑइल जळतंय असा अर्थ झाला असता आणि प्रकरण महागात गेलं असतं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ऑइलची पट्टी काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. जास्तीचं पेट्रोल रिंगांमधून खाली झिरपतं, ऑइलमध्ये मिसळतं आणि त्याची वाफ पुन्हा इंजिनातच ओढली जाते. म्हणून पीयूसीच्या आधी ऑइल बदला असं जुने लोक सांगतात, त्यात तथ्य आहे.

एअर फिल्टर काढला तर आतून धूळच धूळ. सिंहस्थासाठी निम्मं नाशिक खोदून ठेवलंय, फिल्टर तरी काय करणार. तो बदलला. मला वाटलं, सापडलं कारण. मेकॅनिक म्हणाले, "नाही मॅडम. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर बदलून सीओ खाली यायचा. ही इंजेक्शनची आहे. हवा कमी आली की सेन्सरला कळतं, कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप जाईल, सीओ एवढा नाही वाढणार." त्यांच्याकडे जुनं का होईना, गॅस ॲनालायझर आहे. लावून बघितलं. १.८४चे १.७ झाले. त्यांचं म्हणणं खरं होतं.

मग स्कॅनर लावला. बीएस-३ला ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडमध्ये नोंदवण्याच्या सोयीची, सक्ती नव्हती, तरी निदानाचं सॉकेट असतं आणि मल्टीब्रँड स्कॅनर ते वाचतो. चेक इंजिनचा दिवा आमच्याकडे कधी लागलाच नव्हता, आणि स्कॅनरनेही एकही कोड दाखवला नाही. पण मेकॅनिक कोड बघतच नव्हते. ते चालू आकडे बघत होते. इंजिनचं तापमान: ५८ अंश.

गाडी गंगापूर रोडवरून सातपूरपर्यंत आली होती, वर अर्धा तास न्यूट्रलवर चालू होती. तरी ५८. त्यांनी गाडी चालूच ठेवून आणखी वाट बघितली. ६१, ६२, आणि तिथेच थांबलं.

"वॉल्व्ह काढलेला दिसतोय कुणीतरी," ते म्हणाले.

थर्मोस्टॅट वॉल्व्ह. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधली झडप. इंजिन थंड असेपर्यंत ती बंद राहते, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ८०-८५ अंशांच्या पुढे ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. आपल्याकडे उन्हाळ्यात, विशेषतः कसारा घाटात गाडी तापली की काही गॅरेजवाले ही झडपच काढून टाकतात. पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, काटा खाली राहतो, गिऱ्हाईक खूश होतं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मुंबईहून येताना आमची गाडी तापली होती आणि वाटेतल्या एका गॅरेजमध्ये दुरुस्त करून घेतली होती. बिलावर नुसतं 'हीटिंग काम' लिहिलं होतं.

मेकॅनिकनी वरच्या पाइपचं क्लॅम्प सैल केलं, हाऊसिंगचे दोन बोल्ट काढले. आत काहीच नव्हतं. गास्केट होतं, झडप बसायची खाच होती, आणि खाचेत गंजाचा तांबडा चिखल. कूलंटच्या जागी साधं नळाचं पाणी भरलेलं.

थंड इंजिन म्हणजे सुखी इंजिन, असा समज सगळीकडे आहे. पण इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर तापमानाचा सेन्सर बघून पेट्रोल ठरवतो. इंजिन थंड असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तो मुद्दाम जास्त सोडतो. सकाळी गाडी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं हे योग्यच आहे. आमच्या गाडीत झडप नसल्यामुळे ती काही मिनिटं संपतच नव्हती. मे महिन्यात चाळीस अंशांत कदाचित निभावत असेल, नाशिकच्या डिसेंबरात अजिबात नाही. गाडी दिवसभर पहाटेसारखीच चालत होती. जास्तीच्या पेट्रोलची काजळी प्लगवर, काजळी ऑक्सिजन सेन्सरवर, पेट्रोल ऑइलमध्ये, आणि उरलेला मोनॉक्साइड शाळेच्या गेटसमोर.

नवीन वॉल्व्ह स्पेअरच्या दुकानातून आला. मुठीत मावेल एवढा: पितळी चकती, खाली स्प्रिंग, मध्ये एक छोटी कुपी. कडेला ८२ हा आकडा कोरलेला. मेकॅनिकनी तो थेट बसवला नाही. चहाच्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवलं, वॉल्व्ह तारेला बांधून पाण्यात सोडला आणि मला म्हणाले, बघत राहा. पाण्याला तळाशी बुडबुडे यायला लागले तरी काही नाही. मग चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसली, आणि बघता बघता चकती सरळ वर उचलली गेली. कुपीत मेण असतं. ते वितळलं की फुगतं आणि आतली दांडी ढकलतं. वीज नाही, सेन्सर नाही, फक्त मेणाचा वितळणबिंदू. बाहेर काढून गार झाल्यावर चकती हळूहळू परत बसली. स्थायूचा द्रव होताना होणारं प्रसरण मी इतकी वर्षं शिकवतेय, पण एवढं सुरेख प्रात्यक्षिक माझ्या प्रयोगशाळेत कधी झालं नव्हतं. पुढच्या सत्रात असा एक वॉल्व्ह मी वर्गात नेणार आहे.

बसवताना चकतीवरची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. रेडिएटर फ्लश केला, चांगलं कूलंट योग्य प्रमाणात भरलं. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट टाकत राहिले. स्कॅनरवर तापमान चढत गेलं, ८२ पार करून ८९च्या आसपास स्थिरावलं. न्यूट्रलवर थोडं आणखी वाढलं की पंखा लागायचा आणि ते खाली यायचं.

आता ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरच्या सुरुवातीला बसवलेला हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल जास्त झालं की कमी. चांगल्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या मध्ये सतत वरखाली होत असतो. आमचा आधी ०.८च्या वर चिकटून बसला होता. मोनॉक्साइड जास्त म्हटलं की पहिल्यांदा हाच सेन्सर बदलायला सांगतात, आणि तो काही स्वस्त नसतो. आमचे मेकॅनिक म्हणाले, "तो बिचारा खरंच सांगत होता की पेट्रोल जास्त आहे. त्याला कशाला बदलायचं?" इंजिन गरम झाल्यावर आकडा हलायला लागला. थोडा संथ होता. काजळी जळू दे, मग ठरवू, असं ठरलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मला फार पटली. सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं धरून खालून कान लावला. मधल्या जोडाशी फुस्स आवाज आला. गंजून बारीक भोक पडलं होतं. तिथे वेल्डिंग मारलं. भोक राहू दिलं असतं तर बाहेरची हवा मिसळून पीयूसीचा आकडा उलट थोडा कमीच आला असता. त्यांना ते माहीत होतं. तरी आधी भोक बुजवलं, मग ॲनालायझर लावला. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या) गास्केटपाशी असं भोक असेल तर मात्र परिणाम उलटा होतो: सेन्सरला बाहेरचा ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी ओततो.

प्लग नवे टाकले, ऑइल आणि फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. इंजिनजवळची पेट्रोलची एक रबरी नळी कडक होऊन चिरली होती, तीही बदलली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या गाडीतली रबरं त्याच्या दृष्टीने एकदा बघून घ्यायलाच हवीत.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याबद्दल, थोडं लिहिलंच पाहिजे. चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला, आणि शिसंमिश्रित पेट्रोल देशभरातून २०००मध्ये गेलं तेही बऱ्याच अंशी त्याच्यासाठी, कारण शिसं त्याला कायमचं निकामी करतं. आत सिरॅमिकची बारीक जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. हे धातू मोनॉक्साइडचा डायऑक्साइड करतात. पण थंड असताना काहीच करत नाहीत. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे कामाला लागतात. आणि पेट्रोल सतत जास्त असेल तर धुरात त्यांना वापरायला ऑक्सिजनच उरत नाही. म्हणून नापास गाडीचा कन्व्हर्टर खराब आहे असं आधीच ठरवू नये. काही ठिकाणी तो कापून आतली जाळी भंगारात विकतात आणि मालकाला पोकळ डबा लावून देतात, पिकअप वाढतो म्हणून सांगतात. कुणी असं सुचवलं तर गाडी घेऊन तिथून निघा. आमचा शाबूत होता.

पीयूसीच्या दिवशी मी थेट सेंटरला गेले नाही. आनंदवल्ली, सोमेश्वर करत गंगापूर गावाच्या पुढे गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागले. दोन्हीकडे द्राक्षबागा, रस्ता मोकळा. तिसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम थोडे चढे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवली. इंजिन, ऑइल, कन्व्हर्टर, सेन्सर सगळं पुरतं तापायला एवढं लागतं. शहरातल्या सिग्नलांमध्ये ते होत नाही. परत येताना वाटेत कुठे थांबले नाही. सेंटरवर पुढे एक रिक्षा होती, तरी इंजिन बंद केलं नाही. एसी बंद, दिवे बंद, गाडी न्यूट्रलला. नळी आत जायच्या आधी थोडी रेस देऊन पुन्हा न्यूट्रलवर येऊ दिली.

मोनॉक्साइड ०.०९ टक्के. हायड्रोकार्बन ८८ पीपीएम. डायऑक्साइड १४.७, ऑक्सिजन ०.३. म्हणजे पंधरा वर्षांची बीएस-३ गाडी न्यूट्रलवरच्या बीएस-४च्या मर्यादेतही बसली. मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, "काकू, काय केलं?" मी त्याला वॉल्व्हची गोष्ट सांगितली. त्याने १२५ रुपये घेतले आणि मागच्या रिक्षावाल्यालाही तीच गोष्ट सांगायला लागला.

आरसी झाली. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. पेठ रोडला अर्धा दिवस मोडला, गाडी बघितली, चेसिस नंबर ताडून घेतला. ॲव्हरेज आता शहरात साडेचौदा येतंय. गॅरेजचं सगळं बिल धरूनही ते पैसे पेट्रोलमधूनच परत येतील असा नवऱ्याचा हिशेब आहे.

केंद्राने जानेवारी २०१९मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाशिक आहे. हवेसाठी चांगलं म्हणून इथे राहायला आलेली कितीतरी माणसं मी ओळखते, आणि हिवाळ्यात सकाळी पंचवटीत नदीकाठी जमिनीलगतच्या थंड हवेत धूर कसा दाटून बसतो तेही रोज बघते. त्या धुरात आमच्या एका गाडीचा वाटा केवढासा. पण तो मोजता येतो, कमी करता येतो, आणि मोजण्याचं मशीन १२५ रुपयांत गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. एवढी सोय हाताशी असताना लोक फोटो पाठवून कागद मागवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

शेजाऱ्यांनी डिझेल गाडीचं विचारलं, तर तिची परीक्षा वेगळी. तिथे वायू नाही, धुराची दाटी मोजतात. गरम इंजिनला न्यूट्रलवर एकदम पूर्ण रेस देतात, आणि असं लागोपाठ करतात. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२, त्याआधीच्यांना २.४५. नेण्याआधी एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बघा. डिझेलला हवा कमी पडली की काळा धूर येतोच. ऑइलची पातळी बघा. टायमिंग बेल्टची मुदत झाली असेल तर आधी तो बदला, कारण पूर्ण रेसमध्ये तुटला तर इंजिनच जातं. मग हायवेला चांगलं अर्धा तास पळवून थेट सेंटरला.

आणि पेट्रोलवाल्यांसाठी, तुमच्या गाडीतला वॉल्व्ह कुणी काढलाय का ते घरीच कळतं. सकाळी थंड गाडीचं बॉनेट उघडा आणि इंजिनकडून रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाणारा जाड रबरी पाइप शोधा. गाडी सुरू करून त्या पाइपला अधूनमधून हात लावत राहा. पंख्यापासून ओढणी, बाही, बोटं लांब ठेवा आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. वॉल्व्ह जागेवर असेल तर इंजिन तापत आलं तरी पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो, हात ठेववत नाही इतका. वॉल्व्ह नसेल किंवा उघडाच अडकला असेल तर पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जातो आणि थंडीत तसाच कोमट राहतो. काही गाड्यांत वॉल्व्ह खालच्या पाइपच्या बाजूला असतो. तिथे ही परीक्षा लागू पडत नाही, मेकॅनिकला स्कॅनरवर तापमान दाखवायला सांगा. अर्धा तास चालल्यावरही सत्तरच्या खाली असेल तर हाऊसिंग उघडून घ्या.